कोपऱ्यातला भाऊ

ठाकुर्लीला आमच्या घरमालकांकडे कुणी पाहुणा आला, की चहा येईपर्यंत त्याच्या दोन जागा बदलून झालेल्या असत. पाहुणा सोफ्याच्या डाव्या टोकाला टेकून पाणी प्यायला, की काका म्हणत, "आता जरा मधी सरका." पोहे आले की, "आता त्या टोकाला बसा." पाहुण्याला वाटे, आपल्याला पंख्याखाली बसवतायत, काय अगत्य आहे. अगत्य होतं ते सोफ्याचं. माणूस एकाच जागी बसला की फोम दबतो आणि दबलेला फोम परत वर येत नाही, हे काकांनी मला भाड्यानं राहायला आलो त्याच दिवशी सांगितलं होतं. तेही मला तीन वेळा सरकवून.

मी आणि नवरा त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. ते पहिल्या मजल्यावर, काकी आणि एकुलत्या एका मुलासोबत. गाव त्यांचंच. आमची इमारत उभी होती तिथं पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं आणि वडील खाडीकडच्या मिठागरात कामाला जायचे. शेत गेलं, मिठागर गेलं, इमारत आली, गळ्यात जाड साखळी आली. मिठागरातली एक गोष्ट मात्र काकांच्या डोक्यात पक्की राहिली होती आणि ती ते दर दोन दिवसांनी ऐकवत. "बाय, पाणी थांबलं का मीठ धरतं. कुठलीबी गोष्ट थांबू देऊ नको."

म्हणून त्यांच्या घरात काहीच थांबायचं नाही. कुंड्या गॅलरीत फिरत असायच्या. कॅलेंडरचा खिळा दर वर्षी वेगळा, त्यामुळे हॉलची भिंत चाळणी झालेली. स्कूटर रोज नव्या जागी लावायचे आणि सकाळी इमारतीभोवती शोधत फिरायचे. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, तो आपल्यासारख्याच कुणी शहाण्या माणसानं ठरवला असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. आमचा करार ते दर वेळी नव्यानं करत, पण एक अट घालत: कपाटं हलवायची. ते स्वतः वर येऊन बघून जात. आम्ही ते यायच्या दिवशी कपाट वीतभर ढकलून ठेवायचो आणि ते समाधानानं मान डोलवायचे.

हे वेड इतकं वाढलं ते त्यांच्या जुन्या टीव्हीपासून, हे मला काकींनी सांगितलं. त्या टीव्हीवर काका दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल लावून ठेवत. ऐकत कुणीच नसे, पण घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं म्हणे. वर्षा-दोन वर्षांनी त्या चॅनलची खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह पडद्यावर कायमचं उमटून बसलं. मग काहीही लावा, पट्टी हजर. मालिकेतली नवरी सप्तपदी चालायची ती लाल पट्टीवरून. आरतीच्या ताटाखाली पट्टी. काकींच्या माहेरच्या लग्नाची सीडी लावली, तर त्यांच्या दिवंगत आत्याच्या गळ्याशी 'ताजी बातमी'. काकी रडायला लागल्या आणि काकांनी तो टीव्ही भंगारात दिला.

मग नवा टीव्ही आला. सोफ्याएवढा लांब. आणला त्या संध्याकाळी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि मला खाली बोलावणं आलं, कारण सोबतची माहिती इंग्रजीत होती आणि मुलगा क्रिकेटच्या सरावाला गेला होता. मी वाचून सांगितलं: चित्र फार चांगलं दिसेल, पण एकच चित्र फार वेळ ठेवलं तर त्याची सावली पडद्यावर राहू शकते. यावर उपाय म्हणून पडदा आतून साफ करायची एक सोयही दिली आहे, असंही सांगितलं. पण काकांचे कान पहिल्या अर्ध्या वाक्यावरच बंद झाले होते. चेहरा पडला.

"म्हंजे यालाबी तोच रोग?"

"रोग नाही काका. जपून वापरायचा, एवढंच."

त्यांनी इतकं जपून वापरला, की त्या घरात कुणीही कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत पाहिली नाही. काका रिमोट हातात घेऊन बसत आणि थोड्या थोड्या वेळानं चॅनल बदलत. सुनेच्या दुधात कुणी विष घातलं हे कळायच्या आत पडद्यावर वाघ यायचा. काकींनी त्यावर तोडगा काढला होता. त्यांनी सगळ्या चॅनलांची मिळून एकच मालिका करून टाकली. मला जिन्यात गाठून सांगायच्या, "अगं, त्या सासूनं विष दिलं ना, ती गेली. वाघानं खाल्ली." आणि ती मालिका मूळच्यापेक्षा चांगली असायची, हे मी शपथेवर सांगेन.

देवीच्या थेट दर्शनालाही सवलत नव्हती. सकाळी ते टीव्हीसमोर हात जोडून उभे राहत, मन लावून दर्शन घेत आणि मग म्हणत, "आई, जरा टेक आता." की चॅनल बदललं. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे चालू चित्र मध्येच थांबवून ठेवणं. एकदा मुलानं फोन घ्यायला सिनेमा थांबवला आणि गॅलरीत गेला. काका न्हाणीघरात होते. सिनेमाचा आवाज बंद झालेला त्यांना आतून कळला. अंगाला साबण, कमरेला टॉवेल अशा अवस्थेत ते हॉलमध्ये धावत आले. समोर मी आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बायका हळदीकुंकवाला आलेल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिनेमा चालू केला आणि तसेच परत गेले.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र सात वर्षं जागचा हलला नव्हता. ती बाब म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

दोघा भावांचं भांडण जमिनीवरून झालं असेल असं मला आधी वाटलं होतं. आमच्याकडे जे भांडण असेल ते जमिनीवरूनच असतं. पण नाही. जमीन दोघांनी हसतखेळत वाटून घेतली होती. भांडण झालं ते फ्लेक्सवरून. गावच्या जत्रेला धाकट्यानं स्टेशनच्या रस्त्यावर मोठा फ्लेक्स लावला. मध्यभागी धाकटा, गॉगल लावून, हात जोडून, पुरुषभर उंच. आणि थोरले आमचे काका खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, शेवटून दुसरे. पासपोर्टच्या फोटोएवढे. त्यात भर म्हणजे त्यांच्या फोटोच्या हनुवटीतून बांबूला बांधायची दोरी गेलेली.

"माझ्या लग्नात माझ्या पाठीवर बसून नाचला त्यो," काका मला एकदा म्हणाले, "आणि माना, सख्ख्या थोरल्या भावाला, शुभेच्छुकात टाकला."

धाकट्याचं म्हणणं होतं की फोटो छापणाऱ्यानं लावले. ते खरंही असेल. पण त्यानं माफी मागितली नाही आणि यांनी विचारलं नाही. पाणी थांबलं ते थांबलं. धाकटा नाल्यापलीकडे जुन्या घरात राहायचा, चालत गेलं तर हाकेच्या अंतरावर. रस्त्यात समोर आला तर काका मान फिरवायचे, आणि ती इतकी नेमानं फिरवायचे की सात वर्षांत त्यांनी भावाचा चेहरा धड पाहिला नव्हता. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. मुलगा मात्र या धाकट्या काकाकडे जाऊन यायचा. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

हा मुलगा टेनिस बॉल क्रिकेट खेळायचा. आमच्या भागात गावोगावी या स्पर्धा होतात, तीन-तीन दिवस चालतात, आणि हल्ली मोबाईलवर, टीव्हीवर थेट दिसतात. पोरगा गावच्या संघात सलामीला जायचा आणि चेंडू असा मारायचा की तो रुळांपलीकडून शोधून आणावा लागे. त्या वर्षी त्याला नाशिकला नोकरी लागली होती. ही त्याची शेवटची स्पर्धा. आणि स्पर्धेचा आयोजक होता धाकटा भाऊ.

मुलगा म्हणाला, "बाबा, या ना ग्राऊंडवर. एकदा तरी."

"जिथं त्याचा बॅनर, तिथं माझा पाय नाय."

"मग टीव्हीवर बघा."

ते काकांना पटलं. खरं तर एवढा मोठा टीव्ही त्यांनी पोराची बॅटिंग दिसावी म्हणूनच घेतला होता, असं काकी म्हणायच्या. मोबाईलवर पोरगा मुंगीएवढा दिसतो, मारलेला कुठला आणि आऊट झालेला कुठला ते कळत नाही.

शुक्रवारी सकाळी मुलानं टीव्हीवर सामना जोडून दिला आणि गेला. काकींनी मलाही खाली बोलावलं. चित्र आलं आणि काका ताडकन उठले. खाली धावफलकाची पट्टी, ती तर हलणार नव्हतीच. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यात धाकटा भाऊ. गॉगल, जोडलेले हात, खाली लिहिलेलं 'आयोजक'. तोच फ्लेक्सवरचा फोटो.

"यो दिवसभर इथंच बसणार काय?"

"तीन दिवस," काकी म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

काकांपुढे मोठा पेच पडला. बघावं तर भाऊ टीव्हीत कायमचा उमटणार. उद्या देवीच्या दर्शनात, मालिकेत, वाघाच्या डोक्यावर, सगळीकडे हा हात जोडून उभा. न बघावं तर पोराचा शेवटचा खेळ जाणार. त्यांनी नेहमीचा मार्ग धरला. एक षटक सामना, मग टीव्हीला विश्रांती म्हणून जरा वेळ दुसरं काहीतरी, मग पुन्हा सामना.

मैदान रुळांच्या पलीकडे होतं, त्यामुळे तिथला आवाज आमच्या खिडकीतून सरळ आत यायचा. टीव्हीवरचं चित्र मात्र थोडं मागून यायचं. पोरगा फलंदाजीला आला तेव्हा विश्रांतीची वेळ झाली होती. पडद्यावर एक बाई ढोकळा वाफवत होती आणि खिडकीतून आरोळी आली. मग दुसरी. मग तिसरी. काकांनी घाईघाईत परत चॅनल लावेपर्यंत पोरगा बॅट काखेत मारून तंबूकडे परत चालला होता. तीन षटकार मारून आऊट झाला होता. आम्ही ढोकळा बघितला.

काकी तडक उठल्या, आत गेल्या, आणि दुपारी काकांच्या ताटात आमटी वाढताना एवढंच म्हणाल्या, "टीव्हीला जपा तुमी. टीव्ही जाणार नाय नाशिकला."

संध्याकाळी ते खाली इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले आणि वायरीला गुंडाळायची काळी टेप घेऊन आले. शनिवारी मी गेले तर टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर टेपच्या पट्ट्या एकीला एक लावून नीट चौकोन केलेला. भाऊ झाकला गेला होता.

"आता चॅनल बदलायची गरज नाय," काका म्हणाले. ते स्वतःवर खूश होते.

"काका, टेप काचेवर आहे. चित्र आत आहे. ते आतल्या आत उमटायचं ते उमटणारच."

"दिसतो काय तुला?"

"नाही."

"मग. जो दिसत नाय त्यो उमटंल कसा?"

मी काकींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, गप बस, सामना बघू दे. मी गप बसले. शनिवारचा दिवस छान गेला. आमच्या पोरांनी शीळफाट्याच्या संघाला हरवलं, पोरगा शेवटपर्यंत टिकला आणि काकांनी त्याचा प्रत्येक चेंडू पाहिला. उजेडात नीट दिसावं म्हणून त्यांनी टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला होता. ढोकळ्याचं नाव कुणी काढलं नाही.

रविवारी अंतिम सामना, समोर मोहने गावचा संघ. काकांच्या हॉलमध्ये अर्धी इमारत जमली होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काका कुणाला सरकवायला विसरले. शेवटच्या षटकात सगळं येऊन ठेपलं. पोरगा खेळत होता, एक चेंडू उरला होता आणि चौकार हवा होता. पडद्यावर मोहन्याचा गोलंदाज अजून चेंडू पॅन्टला घासत मागे चालला होता, आणि खिडकीतून प्रचंड आरडाओरडा आला.

झालं होतं. जे व्हायचं ते मैदानात होऊन गेलं होतं. पण ओरडलं कोण? आमचे की मोहन्याचे? त्यांचीही पोरं टेम्पो भरून आली होती. काका पडद्याकडे बघेनात, खिडकीकडे बघेनात, काकींच्या पदराचं टोक मुठीत धरून बसले. तो गोलंदाज इतका सावकाश वळला, इतका सावकाश धावत आला, की मला वाटलं यालाही कुणीतरी जरा सरका म्हणायला हवं. मग चेंडू पडला, पोरानं बॅट फिरवली, आणि चेंडू रुळांच्या दिशेनं गेला तो दिसेनासा झाला.

घरात कुणाचं कुणाला ऐकू येईना. टीव्हीवर माणसं मैदानात घुसली. सगळ्यांच्या पुढे एक माणूस धावत होता. धावत कसला, एक पाय ओढत, कमरेवर हात ठेवून, घाईघाईनं. त्यानं पोराला मिठी मारली, उचलायला गेला, उचलेना, म्हणून तसाच गळ्यात पडून रडायला लागला. कॅमेरा जवळ गेला. केस पांढरे, गाल आत गेलेले.

काका पुढे झुकले. "यो कोण?"

मग त्यांनाच कळलं.

"लंगडतो काय यो?"

"गुडघा गेलाय त्यांचा," काकी म्हणाल्या. "वर्ष झालं."

"माना नाय सांगितला."

"नाव काढू देता का तुमी?"

"किती वाळलाय," काका म्हणाले. मग जरा वेळानं, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "जेवतो का नाय यो?" सात वर्षं ज्याच्यावर ते चिडले होते तो गॉगलवाला, गुबगुबीत गालांचा माणूस आता फक्त टेपखाली उरला होता. त्यांनी उठून टेप ओढून काढली, गोळा करून खिशात घातली आणि घरच्या चट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावरच जिना उतरून गेले. स्कूटर कुठे लावलीय ते आठवेना, म्हणून चालतच गेले.

तासाभरानं ते परत आले ते सगळा संघ घेऊन. ढोल पुढे, पोरगा कुणाच्या तरी खांद्यावर, आणि मागून दोघं भाऊ. धाकट्याचा हात थोरल्याच्या खांद्यावर, आणि थोरला त्याच्या गुडघ्याच्या चालीनं चालत होता. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पोरगा नंतर म्हणाला, काही झालंच नाही, बाबा समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जेवायला चल."

काकींनी भाकऱ्या थापायला घेतल्या, मी मदतीला. धाकट्याला सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसवलं. कुणीतरी सामना बंद केला आणि टीव्हीवर फिकट पांढरा पडदा आला. त्या पांढऱ्यावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, पुसट पण ओळखू येईल असा धाकटा भाऊ हात जोडून उभा होता. गॉगलसकट.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. टीव्हीवरचा डाग म्हणजे काकांच्या घरात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकट्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "दादा, यो मी काय?"

"तूच."

"केस होते तवा माना."

त्यावर जो हशा पिकला त्यात काकाच सगळ्यात मोठ्यानं हसले, डोळे पुसत हसले. मी म्हटलं, "काका, काळजी करू नका. ती साफ करायची सोय आहे ना, मी आत्ता लावून देते. जाईल बहुतेक."

"राहू दे, बाय," ते म्हणाले. "आमचा बाप पाणी थांबवूनच मीठ काढायचा."

मला आठवतं, मी परात हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ते मिठागराची अर्धीच गोष्ट सांगत आले होते.

काकी पाणी घेऊन बाहेर आल्या. धाकट्यानं पेला रिकामा केला आणि या घराची रीत त्याच्याही कानावर असावी, सोफ्याच्या दांड्यावर हात टेकून तो दुसऱ्या टोकाला सरकायला उठू लागला. गुडघा दुखला तसा तोंडातून आवाज निघाला.

"बस," काका म्हणाले. "हलू नको तिथून."

आता आम्ही कल्याणला स्वतःच्या घरात राहतो. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. कुंड्या अजून फिरतायत, कॅलेंडर नव्या खिळ्यावर आहे. पोरगा नाशिकहून सुट्टीला आला होता. टीव्हीवरचा धाकटा भाऊ हळूहळू पुसट होत गेला म्हणे, आता फिकट रंगावरच जरासा दिसतो, आणि काका मुद्दाम तसलं काहीतरी लावून आल्यागेल्याला दाखवतात. मी गप्पांच्या नादात सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात टेकले आणि खाली गेले. तिथला फोम पार दबून खोलगट खळगा झाला होता. चूक लक्षात आली तशी मी आपणहून सरकायला लागले, तोवर काका घाईनं पुढे आलेच.

"तिथं नको, बाय," ते म्हणाले. "ती जागा त्याची हाय. येईलच आता."